चार दिवसांची चाल

"बसू नगंस पोरी, बसलं की अंग गोठतं. आन् पळू बी नगंस. चाल. नुसती चाल."

जनाक्काचा हा आवाज द्वारकाच्या कानात कधीपासूनचा मुक्कामाला होता. द्वारका तेव्हा नवी नवरी. कोयत्याला हात बसलेला नव्हता आणि पाचटानं पोटऱ्या रक्ताळलेल्या असायच्या. ऊसतोडीच्या टोळीत जनाक्का सगळ्यांत थोरली. बाईचा नुसता चेहरा बघून तिला कळायचं, आज हिचं पोट दुखतंय. मग ती गुपचूप कामं फिरवायची. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं काम त्या बाईकडून काढून घ्यायची आणि तिला बांधणीला लावायची. सरीसरीनं सावकाश चालायचं, तुटलेला ऊस गोळा करायचा, मोळी आवळायची, पुढं सरकायचं. तिच्या वाटणीच्या मोळ्या बाकीच्या बाया आपापसांत वाहून टाकायच्या. मुकादमाला पत्ताही लागायचा नाही. आणि चालता चालता जनाक्का गुणगुणायची :

चार दिसांची ही नदी, हिला अडवू नये कुणी
हिच्या काठाकाठानं गं, चालल्या लेकीसुनी

जनाक्का गेली, टोळ्याही गेल्या. आता ऊस यंत्रं तोडतात. द्वारकाचा नवरा रामकिसन अशाच एका यंत्रावर मदतनीस आहे, हंगामभर तो कर्नाटकात असतो. द्वारका गावाबाहेरच्या पॅकिंग सेंटरमध्ये डाळिंबं निवडते. फडातून तिनं घरी काही आणलं असेल, तर ती ही चाल. आणि ती तिनं लेकीला दिली.

प्रांजल सातवीत होती. एका दुपारी शाळेतून रडतच आली. तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर, आणि खेळाच्या बाईंनी तिला सरावातून उठवून बाकावर बसवलं होतं. अशा दिवसांत पळायचं नसतं म्हणे, आतलं सगळं खाली सरकतं.

"आई, माझं खरंच काही सरकलंय का?"

"तुझ्या बाईंचं डोकं सरकलंय. चल, चप्पल घाल."

"कुठं?"

"कालव्यावर."

त्या दुपारी मायलेकी कालव्याच्या भरावावरून चालल्या. पहिल्या दिवशी अगदी सावकाश, शेळ्या चरायला निघाल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी प्रांजलची पावलं आपसूक लांब पडू लागली. तिसऱ्या दिवशी ती मधेच दुडकी चाल धरायची आणि आईसाठी थांबायची. चौथ्या दिवशी ती सुटली. द्वारका मागं राहिली, आणि लांब जाणारी ती उडती वेणी बघत राहिली. पोटातली कळ चालता चालता कशी विरघळते, ते त्या पोरीला तिच्या पायांनीच शिकवलं. दुखलंच फार, तर आडोशाला बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, पुन्हा उठायचं. अंग जेवढं देईल तेवढं घ्यायचं, ओरबाडायचं नाही.

मग दर महिन्याला ते चार दिवस त्या दोघींचे झाले. एरवी तोंडाला कुलूप असलेली पोर कालव्यावर मात्र भडाभडा बोलायची. कुणी चिठ्ठी दिली, कोणत्या सरांचा टोप उडाला, कुणाशी कट्टी झाली. द्वारका हसायची आणि मधेच ओवी लावायची. प्रांजल म्हणायची, "आई, तू गाऊ नकोस, म्हशी बिथरतात." पण पुढच्या महिन्यात तीच म्हणायची, "ते नदीचं म्हण ना."

पोरगी पाच हजार मीटर पळू लागली. तालुका मागं पडला, मग जिल्हा. सोळाव्या वर्षी तिला नाशिकच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका खाजगी धावकेंद्रानं निवडलं. तिथं गेल्यावरही ती त्या दिवसांत संध्याकाळी फोन लावायची. ती तिथल्या मैदानाच्या कडेनं चालायची, द्वारका इथं कालव्यावरून. दोघींच्या कानाला फोन.

"आई, आज कितवा?"

"मला काय विचारतेस? दिवस तुझा."

दिवाळीनंतर केंद्रानं पालकांना बोलावलं. केंद्राच्या डॉक्टर अनघा टिपणीस यांनी द्वारकासमोर तळहात उघडला. त्यावर तांदळाच्या कणीएवढा एक दाणा होता. नाव 'समा'.

डॉक्टरीणबाई बोलायला लाघवी. त्यांनी नीट समजावून सांगितलं. बाईच्या अंगात महिनाभर संप्रेरकांची भरती-ओहोटी चालते. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी हुकूम सोडते, अंडाशयं तो पाळतात. इस्ट्रोजेन चढतं, उतरतं. मागून प्रोजेस्टेरॉन चढतं, तेही उतरतं. दोन्ही उतरली की गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि रक्त जातं. या चढउतारांबरोबर झोप, भूक, अंगाची ऊब, सगळंच थोडंथोडं हलतं. एका मुलीला पहिल्या दिवशी पाय उचलवत नाही, दुसरी त्याच दिवशी स्वतःचा विक्रम मोडते. प्रत्येकीचं गणित निराळं, आणि शर्यतीची तारीख मात्र सगळ्यांना एकच. समा दंडाच्या कातडीखाली बसतो. दर काही मिनिटांनी पेशींमधल्या पाण्याची चव घेतो आणि सुईच्या टोकावर मावेल एवढं औषध सोडतो. वरच्या ग्रंथीचा हुकूम दबतो. चढ नाही, उतार नाही. महिना सपाट.

"म्हणजे बघा," डॉक्टर म्हणाल्या, "नदीला पूर येतो, मग ती आटते. कालव्याला दार असतं. हवं तेवढंच पाणी, रोज सारखं."

"कालव्यात मासळी वाढत न्हाई पण," द्वारका म्हणाली.

डॉक्टर मोकळेपणी हसल्या. प्रांजलनं आईला कोपर मारलं.

"आन् काढला तर? परत येतं का सगळं?"

"येतं की. दोन-चार महिन्यांत. आपण काही कापत नाही, काही काढून टाकत नाही आहोत."

द्वारकाच्या ओठांवर काहीतरी आलं. पण प्रांजल तिच्याकडं अशा डोळ्यांनी बघत होती, की आईनं आता फक्त हो म्हणावं. द्वारकानं सही केली. जे ओठांवर आलं होतं ते गिळलं.

पुढची दोन वर्षं प्रांजल वाऱ्यावर स्वार होती. राज्याचं सुवर्ण, मग देशाचं रौप्य. गावात कमानी लागल्या. खेळाच्या त्याच बाई हार घेऊन पुढं उभ्या. पण संध्याकाळचे ते फोन थांबले. कसे येणार? ते दिवसच उरले नव्हते. फोन यायचा तो रविवारी, आणि त्यात वेळेचे आकडे असायचे. द्वारका कालव्यावर जायची सवयीनं. चालायची. कान उगाच फोनकडं लागलेले असायचे.

केंद्रातही एक गोष्ट हळूच घडली होती. कुणी ठरवून केली नाही, म्हणून कुणाला दिसलीही नाही. सगळ्या मुलींचे सगळे दिवस सारखे झाले, तेव्हा वेळापत्रकातून सैल दिवस आपोआप गळून गेले. पूर्वी एखादी सरांना म्हणायची, "सर, आज नको," आणि सर मान वळवून "बरं" म्हणायचे. आता "आज नको" म्हणायला कारणच नव्हतं. दमणं म्हणजे आळस ठरला.

आणि दाणा केंद्रापुरता राहिला नाही. ज्या वर्षी प्रांजलला रौप्य मिळालं, त्याच वर्षी पॅकिंग सेंटरच्या फाटकावर मोफत शिबिराचा मांडव उभा राहिला. बहुतेक तरण्या बायांनी दंड पुढं केले. त्रास कुणाला हवाय? शबाना तेवढी राहिली. एका सकाळी ती पोटाशी हात धरून सुपरवायझर देवकतेपुढं उभी राहिली.

"भाऊ, आजच्या दिवस मला निवडायला बसवा. क्रेट उचलवत नाहीत."

"दाणा फुकट वाटत होते, तेव्हा कुठं गेलती?"

"घरी नको म्हणाले."

"मग घरच्यांना पाठव क्रेट उचलायला." देवकते स्वतःच हसला. "आता दुखायची सबब न्हाई राहिली बाई कुणाला. कंपनीनं सोय केली."

सरकत्या पट्ट्याजवळच्या बायाही हसल्या. याच बाया दोन वर्षांपूर्वी न सांगता शबानाचे क्रेट सरकवून ठेवायच्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांना फक्त ते दुखणं आता आठवत नव्हतं. द्वारकानं पुढं होऊन शबानाचा क्रेट उचलला.

"खाला, तुम्ही कशाला?"

"मला काय हुतंय? मी मोकळी हाय."

आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर तिचे हात क्षणभर क्रेटवर तसेच राहिले.

हाच शब्द तिला दिला गेला होता. "पिशवी काढून टाक, मोकळी होशील." प्रांजल तेव्हा दोन वर्षांची, दुडूदुडू पळणारी. द्वारकाच्या अंगावरून पांढरं जायचं, म्हणून ती तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात गेली. डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं, ठेवलीस तर कॅन्सर होईल. मुकादम म्हणाला, बरंच की, कामाला खाडा पडणार नाही. रामकिसन काही बोलला नाही. जनाक्का त्या आधीच्या उन्हाळ्यात वारली होती, नाहीतर ती बोलली असती. द्वारका टेबलावर झोपली तेव्हा पंचविशीचीही नव्हती. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, ते तिला पुष्कळ वर्षांनी एका सरकारी शिबिरात कळलं. मग थंडीच्या पहाटे अंगातून वाफा निघायच्या, झोप यायची नाही, तिशीतच गुडघे कुरकुरायला लागले. गावात तिच्यासारख्या कितीतरी होत्या. त्या आपसांत बोलायच्या, घरात नाही.

लेकीला तिनं कधी सांगितलं नाही. कालव्यावर ओवी म्हणणाऱ्या आईनं नदी आधीच बुजवून टाकली होती, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

पावसाळ्याच्या अखेरीस केंद्रातून फोन आला. सराव करताना प्रांजलच्या नडगीचं हाड चिरलं होतं. ठेच नाही, आपटणं नाही, सरळ पळता पळता.

डॉक्टर टिपणीस यांनी या खेपेला नदीची उपमा दिली नाही. पळताना हाड रोज थोडं झिजतं आणि विश्रांतीत रोज थोडं भरून येतं, त्या म्हणाल्या. भरून यायला इस्ट्रोजेन लागतं. महिना सपाट करताना ती सपाट रेषा कुठं आखायची, हे माणसांनी ठरवलं होतं. अंग हलकं राहावं म्हणून ती जरा खाली आखली गेली. शिवाय रोजचा सराव. हाड झिजत राहिलं, भरायला सवड मिळाली नाही. आणि थकवा सांगायला जे दिवस असायचे, तेच गप्प केलेले.

"माझ्या लक्षात यायला हवं होतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "नव्या दाण्यात रेषा वर घेतली आहे. तो सुरक्षित आहे असं आकडे सांगतात."

"आकडे मागं बी सांगत होते," द्वारका म्हणाली.

जुना दाणा काढला आणि प्रांजल घरी आली. आधी प्लास्टर, मग काठी, मग नुसतं लंगडणं. कालव्यावर रेडिओसारखी बोलणारी पोर आता भिंतीकडं तोंड करून पडायची. हाड हळूहळू जुळलं. डॉक्टरांनी हलकं धावायची परवानगी दिली. केंद्रानं निरोप पाठवला, आशियाई स्पर्धेची निवड चाचणी उन्हाळ्यात आहे, गाडी पाठवतो, आल्या आल्या नवा दाणा बसवू. नको असेल तर तसं कळवा, जागेसाठी मुली थांबल्या आहेत.

गाडी उद्या सकाळी यायची होती, आणि आज दुपारी प्रांजल न्हाणीतून बाहेर आली ती दाराला धरूनच उभी राहिली.

"आई... आलं."

द्वारकानं हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा असा फुलला, की प्रांजल भडकली.

"हसतेस काय? आत्ताच मरायचं होतं याला? इतकं दुखतंय, मी विसरूनच गेले होते किती दुखतं ते."

"चल. चप्पल घाल."

"आई, मी लहान नाही."

"मी कुठं म्हणते? मला चालायचंय. एकटीला कंटाळा येतो."

कालव्याला पाणी सुटलेलं होतं. भरावावरच्या बाभळींची सावली पाण्यावर लांबत चालली होती. दोघी चालल्या, सावकाश. द्वारकानं गळा साफ केला तशी प्रांजल म्हणाली, "नको. आज ते नदीचं नको."

"बरं."

"तू सांगणार, दाणा बसवू नकोस."

"मी काय बी म्हणाले न्हाई."

"तुझं गप्प बसणं मला ऐकू येतं. पण मला सांग, मी दाणा नाही बसवला आणि चाचणीच्या दिवशीच हे आलं तर? पहिल्या दिवशी? बाकीच्या सगळ्या सपाट, आणि मी एकटी पोट धरून उभी?"

"पहिल्या दिवशी बी तू पळलीस. जिल्ह्याला."

"जिल्ह्याला! आई, ही देशाची चाचणी. आणि पुढं जपान असतं, चीन असतं." तिचा आवाज फाटला. "दोन वर्षं मला काही दुखलं नाही. कळतंय का तुला? दोन वर्षं मी फक्त पाय होते. किती बरं वाटतं ते, तुला नाही कळायचं."

द्वारका चालत राहिली. पायाखालची माती ओलसर होती, तिला चालायला जड जात होतं. तिच्या गुडघ्यांची कुरकुर प्रांजलला ऐकू जात होती की नाही कोण जाणे.

"हाड चिरलं तुझं, प्रांजू."

"जुळलं ना? गरज असली की माणूस कापूनसुद्धा घेतं. तू नाही घेतलंस? माझ्यासाठी पोट चिरून घेतलंस. तूच सांगायचीस की, या दारातून माझी प्रांजू आली. मी लहानपणी त्या व्रणाची पापी घ्यायचे, आठवतं? तेव्हा तू डॉक्टरला म्हणालीस का, कापू नका म्हणून? मला यायचं होतं, म्हणून कापलं. आता मला जायचंय. मग मी का नको?"

द्वारका थांबली.

ती गोष्ट तिनं सहज रचली होती. एकदा अंघोळीच्या वेळी दोन-अडीच वर्षांच्या पोरीनं त्या रेघेवर बोट ठेवून विचारलं होतं, हे काय? खरं सांगायला जीभ वळली नाही. मग तोंडात जे आलं ते सांगितलं, आणि पोरीनं तिथंच गाल टेकला. नंतर ते कधी मोडवलं नाही. वर्षांमागून वर्षं ती गोष्ट घरात नांदली, आणि आज ती लेकीच्या हातात कोयत्यासारखी होती.

प्रांजल चार पावलं पुढं गेली, मग वळून बघितलं. "काय झालं? गुडघा?"

"न्हाई."

"मग?"

"त्या दारातून न्हाई आलीस तू."

प्रांजल हसली, अर्धवट. "म्हणजे?"

"तू सरळ झालीस. उपकेंद्रात, सिस्टरच्या हातावर. उजाडायच्या आत दुखायला लागलं आन् ऊन चढायच्या आत तू आलीस. मला एक टाका पडला न्हाई." द्वारकाचा आवाज शांत होता. तिचं तिलाच नवल वाटलं. "हे नंतरचं हाय. तू दोन वर्षांची व्हतीस. माझी पिशवी काढली. रोग कसलाच नव्हता."

"मग का काढली?"

"कामाला खाडा पडू नये म्हणून."

प्रांजलचा हात नकळत स्वतःच्या दंडावर गेला होता, जिथून दाणा काढला होता तिथं.

"तू म्हणतीस, मला कळायचं न्हाई. कळतं मला. पहिलं वरीस मलाबी लई बरं वाटलं. काय दुखत नव्हतं. मी बी नुसता हात झाले व्हते, कोयत्याचा. बाया म्हणायच्या, द्वारकी कशी सपासप तोडती. मी हसायची. मग एकेक कळत गेलं." ती श्वास घ्यायला थांबली. "तुझा दाणा काढता येतो. परत बी येतं सगळं, आज आलंच की. म्हणून तुझं आन् माझं एक न्हाई, हे मला समजतं. तू बसव, नको बसवू. सकाळी गाडीत बस, मी आडवी येणार न्हाई. पण माझ्या पोटावरच्या रेघेची साक्ष काढून जाऊ नगंस."

"आई, मला सांगायचं तरी..."

"कसं सांगू? तू पापी घ्यायचीस तिथं." आता मात्र द्वारकाचा आवाज ओला झाला. पण ती थांबली नाही, इतक्या वर्षांनी सुटलेलं ते तिला आता अडवता येत नव्हतं. "दर वेळी वाटायचं, तुला बाजूला घ्यावं आन् सांगावं, हितं तुझं दार न्हाई गं बाई. तू तर कधीच येऊन बसली व्हतीस माझ्या मांडीवर. हितं जे दार बंद झालं, ते तुझ्या मागून येणाऱ्या भावंडांचं व्हतं."